मागील पानावरून पुढे

‘होमवर्ल्ड २’ खेळणाऱ्यांमध्ये एक युक्ती फार लवकर पसरली. मिशन संपत आलं, शेवटचं उद्दिष्ट हाताशी आलं, की थांबायचं. जिंकायची घाई करायची नाही. आधी आपल्याच ताफ्याकडे वळायचं आणि आतापर्यंत ज्यांच्या जिवावर लढलो ती फ्रिगेटं, कॉर्व्हेटं, लढाऊ विमानांच्या तुकड्या एकेक करून मोडीत काढायच्या. मग शेवटचा घाव घालायचा आणि जवळजवळ रिकाम्या हातांनी पुढच्या मिशनमध्ये उडी मारायची. कारण पुढच्या मिशनच्या तोंडाशी हा गेम तुमचा ताफा मोजतो आणि त्या मापाने समोर शत्रू उभा करतो. भरभक्कम आरमार घेऊन गेलात तर समोरही तसंच आरमार. लंकेची पार्वती होऊन गेलात तर शत्रूही बेताचाच. मग सावकाश पुन्हा बांधायला घ्या.

युक्ती बिनतोड आहे. पण कथेच्या बाजूने पाहिलं तर काय दिसतं? पडद्यावर सांगितलं जातंय की आपली जमात नामशेष व्हायच्या बेतात आहे, शत्रू दाराशी आहे, एकेक जहाज मोलाचं आहे. आणि नेमका शहाणा सेनापती विजयाच्या पाच मिनिटं आधी स्वतःचंच आरमार भंगारात घालतोय. कथेतल्या एकाही पात्राला हे वागणं समजावून सांगता येणार नाही. ते समजतं फक्त खुर्चीवर बसून माउस धरलेल्या माणसाला, कारण त्याला पडद्यामागचं गणित कळलेलं असतं.

मालिकेच्या कथेत सातत्य आहे की नाही, हा वाद निघाला की चाहते सनावळ्या काढून बसतात. कुठल्या जमातीचा कोण, कुठलं यंत्र कुठे सापडलं, पहिल्या भागात अमुक म्हटलं होतं त्याचं तिसऱ्यात काय झालं. या तपासण्या मीही आवडीने वाचतो. पण होमवर्ल्डपुरतं तरी माझं म्हणणं असं की कथा तुटली आहे ती अवघडपणाच्या हिशेबात. आधी घडलेल्या गोष्टीला पुढे किंमत आहे का, हा प्रश्न कथालेखकापुढेही असतो आणि डिफिकल्टी ठरवणाऱ्यापुढेही. दोघांची उत्तरं या मालिकेत जोडीने बदलत गेली आहेत.

पहिला ‘होमवर्ल्ड’ सप्टेंबर १९९९ मध्ये आला. व्हँकूव्हरच्या रेलिक एंटरटेनमेंटने तो बनवला, सिएराने प्रकाशित केला. अवकाशातल्या लढाईचा स्ट्रॅटेजी गेम, तोही खऱ्या अर्थाने त्रिमितीय, म्हणजे हल्ला वरून, खालून, कुठूनही. त्या नवलाईबद्दल तेव्हा भरपूर लिहिलं गेलं. मला जास्त महत्त्वाची वाटते ती त्याची चौकट. खराक नावाच्या वाळवंटी ग्रहावरच्या लोकांना वाळूखाली गाडलेल्या एका पुरातन शहरात आकाशगंगेचा नकाशा कोरलेली शिळा सापडते. आपण मुळात इथले नाहीच, हे त्यांना कळतं. एरवी एकमेकांच्या उरावर बसणारी कुळं एकत्र येतात, साठ वर्षं खपून एक अजस्र मदरशिप बांधतात. करन स’जेट ही शास्त्रज्ञ स्वतःला त्या जहाजाच्या यंत्रणेत जोडून घेते. पहिली चाचणी उडी होते, जहाज परत येतं, आणि समोर खराक पेटलेला असतो.

हे तिसरं मिशन. पार्श्वभूमीला सॅम्युअल बार्बरचं ‘अ‍ॅग्नस डेई’, गाणाऱ्यांचे आवाज संथपणे चढत जाणारे. ग्रहाच्या कक्षेत क्रायो-ट्रे तरंगताहेत. त्यांत प्रवासाला निघण्यासाठी झोपवलेले सहा लाख लोक आहेत आणि आता पूर्ण जमात म्हणजे तेवढीच उरली आहे. शत्रूची फ्रिगेटं त्या ट्रेंवर आग ओकताहेत. तुमच्याकडे आहेत मूठभर लढाऊ विमानं आणि काही सॅल्व्हेज कॉर्व्हेटं, म्हणजे दुसऱ्याचं जहाज धरून ओढत आणणाऱ्या टगबोटीच. ही कॉर्व्हेटं कुठे पाठवायची? ट्रे ओढून मदरशिपपर्यंत आणायला, की शत्रूची फ्रिगेटं जिवंत पकडायला? एक फ्रिगेट तरी पकडावं लागतंच, कारण हे कुणी केलं ते विचारायचं आहे. पण पकडाल तेवढी फ्रिगेटं पुढच्या मिशनमध्ये तुमच्या बाजूने लढणार आहेत.

कळीचा मुद्दा हाच. होमवर्ल्डमध्ये ताफा मिशनमागून मिशन तोच राहतो. वाचवलेलं जहाज सोबत येतं, गमावलेलं येत नाही. प्रत्येक ठिकाणी लघुग्रहांतून मिळणारी साधनसामग्री ठरावीक, ती संपली की संपली. जुन्या जमाखर्चाच्या वहीत पान उलटल्यावर पहिल्या ओळीत मागची शिल्लक उतरवतात, तसा प्रत्येक मिशनचा पहिला क्षण मागच्या मिशनच्या शेवटच्या क्षणाने भरलेला असतो. निर्वासितांच्या कथेला याहून शोभणारी यंत्रणा मला तरी सुचत नाही. हातात आहे तेवढंच आपलं, मागे परतायला घर नाही.

या यंत्रणेची उदार बाजू दिसते चौदाव्या मिशनमध्ये, ‘ब्रिज ऑफ सायज’मध्ये. शत्रूच्या ठाण्याभोवती आयन कॅनन फ्रिगेटांचा अक्षरशः एक गोल रचलेला आहे. समोरासमोर गेलात तर भाजून निघाल. खेळणाऱ्यांनी काय करावं? सॅल्व्हेज कॉर्व्हेटांचे थवे पाठवून त्या गोलातलं एकेक फ्रिगेट उपटून आणलं. काही जणांकडे तर बांधणीच्या मर्यादेपेक्षा कितीतरी जास्त फ्रिगेटं जमली आणि शेवटची दोन मिशनं त्यांनी शत्रूच्याच तोफांनी मारली. समतोलाच्या काटेकोर नियमांत हे बसत नाही, पण कथेत चपखल बसतं. ज्यांचं सगळं लुटलं गेलं ते लोक लुटणाऱ्याचीच हत्यारं घेऊन त्याच्या राजधानीवर चाल करून जातात. हा प्रसंग कुणा लेखकाने लिहिलेला नाही. खेळणाऱ्याने तो घडवला, आणि पुढच्या दोन मिशनांनी त्याला मान दिला.

इथे आपल्याकडच्या खेळणाऱ्यांबद्दल थोडं सांगायला हवं. मूळ होमवर्ल्डच्या डब्यात ‘हिस्टॉरिकल अँड टेक्निकल ब्रीफिंग’ नावाचं पुस्तक मिळायचं. अ‍ॅरिन डेम्बो या लेखिकेने त्यात खराकची कुळं, त्यांचे धर्म, भांडणं, शोध, सगळं इतिहासाच्या पुस्तकासारखं रचलं होतं. अनेकांच्या मते मालिकेची खरी संहिता तीच. पण त्या काळात लॅमिंग्टन रोडवरून किंवा मित्राच्या मित्राकडून कॉपी केलेल्या सीडीवर ज्यांनी हा गेम खेळला, त्यांच्या हाती डबाही नव्हता आणि पुस्तकही. कुळांची नावं माहीत नाहीत, करनचं घराणं माहीत नाही, हजारो वर्षांचा इतिहास तर नाहीच. तरीही कथा पोचली, आणि ती कशी पोचली याचा विचार केला तर उत्तर एकच सापडतं: ताफ्यातून. पुस्तकाशिवाय कथा कळत होती, ताफा सोबत आला नसता तर कळली नसती. (पायरसीचं समर्थन म्हणून हे लिहीत नाही, पण टीकाकाराला कधीकधी फुकटात प्रयोग मिळतो.)

आता दुसरी बाजू. ताफा सोबत नेऊ देणं म्हणजे गेम बनवणाऱ्याने स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेणं. १९९८ च्या स्टारक्राफ्टचं उदाहरण घ्या. तिथे बहुतेक मिशनांत तुम्ही नव्याने तळ उभारता. मागच्या वेळी पन्नास सैनिक उरले होते की एक, याचा संबंध नाही. त्यामुळे बनवणाऱ्याला अचूक माहीत असतं की तुम्ही काय घेऊन सुरुवात करणार, आणि तो शत्रू तोळामाशाने तोलून ठेवू शकतो. कथा सांगायचं काम मधल्या ब्रीफिंगकडे. दोन वेगळ्या खिडक्या, एकमेकींत लुडबुड नाही. होमवर्ल्डने त्या खिडक्यांमधली भिंत पाडली आणि मग अडचण उभी राहिली: दहाव्या मिशनला येणाऱ्या एका खेळणाऱ्याकडे चाळीस जहाजं असतील, दुसऱ्याकडे सात. दोघांना पुरेल असा शत्रू कसा ठेवायचा? जो जिंकतो तो आणखी बलवान होतो, जो हरता हरता वाचतो तो आणखी खचतो. पहिल्या गेममध्ये अनेकांना सहाव्या मिशनमध्ये पोचल्यावर कळायचं की आपण चौथ्यातच हरलो होतो. पुन्हा पहिल्यापासून.

२००३ मध्ये ‘होमवर्ल्ड २’ आणताना रेलिकने यावर उपाय केला तो सुरुवातीला सांगितलेला: ताफा मोजा, शत्रू त्या मापाचा करा. खेळणारा कुणीही असो, लढाई अटीतटीचीच व्हावी, हा हेतू. हेतूला नावं ठेवायचं कारण नाही. पण परिणाम असा की जमाखर्चाची वही नावाला उरली. मागची शिल्लक उतरवली जाते खरी, पण तितकंच कर्जही समोर मांडलं जातं. चांगलं खेळल्याचं बक्षीस म्हणजे जास्त शत्रू. मग काटकसर कशाला, जहाज वाचवायला जीव टाकायचा कशाला? उलट त्यांना मोडीत काढणं फायद्याचं. भूतकाळाला किंमत राहिली, पण उणे चिन्हाची.

आणि आता कथेकडे पाहा. नेमक्या याच गेममध्ये मालिकेची कथा राजकारणातून उठून दैवाच्या कुशीत गेली. पहिल्या भागात खराक का जळला? पकडलेला शत्रूचा कप्तान चौकशीत सांगतो: चार हजार वर्षांपूर्वीच्या तहानुसार या लोकांना हायपरस्पेस तंत्र वापरायला बंदी होती, त्यांनी ती मोडली. चौकशीतून कप्तान जिवंत सुटला नाही, हेही त्याच थंड आवाजात कळतं. म्हणजे कारण मानवी आहे, कागदावरचं आहे. विसरलेला तह, त्याची निर्दय अंमलबजावणी, आणि आपलेही हात फारसे स्वच्छ नाहीत याची जाणीव. दुसऱ्या भागात मात्र खराकवर सापडलेलं हायपरस्पेस यंत्र तीन आदिम ‘कोअर’पैकी एक ठरतं. तिन्ही एकत्र आले की युग संपणार, साजुक नावाचं देवतुल्य जहाज जागं होणार, आणि व्हायगर टोळ्यांचा म्होरक्या माकान स्वतःला भाकितातला पुरुष समजतो. नव्या मदरशिपला पुन्हा करनच जोडली जाते, शतक उलटून गेलं तरी.

कागदोपत्री या बदलाचं समर्थन करता येतं आणि चाहत्यांनी ते केलंही आहे. पण पोत बदलला. भाकितात आधी घडलेल्या गोष्टी कारण म्हणून उरत नाहीत, त्या खुणा होतात. जे व्हायचं ते होणारच होतं. तुमचा ताफा मोजून शत्रू तयार ठेवणारा गेम नेमकं हेच म्हणतो: तुम्ही मागे काय केलंत याने फरक पडत नाही, लढाई आधीच ठरलेल्या तोलाची आहे. कथालेखक आणि डिफिकल्टी ठरवणारा यांनी एका टेबलावर बसून हे ठरवलं असेल असं मी म्हणत नाही. बहुधा दोघांनाही एकच गोष्ट हवी होती, प्रत्येक क्षण निर्णायक वाटावा ही. ती मिळवायची तर आधीच्या क्षणांचं वजन कमी करावं लागतं.

एक मान्य करतो. मिशन संपल्यावर उरलेली साधनसामग्री आपोआप गोळा करून देण्याची दुसऱ्या भागातली सोय मला आवडते. पहिल्या भागात शेवटचा शत्रू मेल्यावर कलेक्टर जहाजं लघुग्रह कुरतडत बसायची आणि माणूस चहा करून यायचा. त्यात कसलाही निर्णय नव्हता, नुसता खोळंबा होता.

२०१५ ची रीमास्टर्ड आवृत्ती हा मला या सगळ्याचा उत्तम पुरावा वाटतो, म्हणून थोडक्यात. २०१२ अखेर होमवर्ल्डचे हक्क असलेली टीएचक्यू कंपनी दिवाळखोरीत गेली, २०१३ च्या लिलावात गिअरबॉक्सने साडेतेरा लाख डॉलरना ते हक्क घेतले. दोन्ही गेमना नवं रूप दिलं, पण पहिला गेम दुसऱ्याच्या इंजिनवर चढवला. चित्रं सुधारली, आवाज तेच, संवाद तेच, कथा शब्दन् शब्द तीच. तरी जुने खेळणारे म्हणाले, हा तो गेम नाही. लढाऊ विमानांना आता इंधन लागत नव्हतं, त्यामुळे किती लांब पाठवायचं हा प्रश्नच उरला नाही. व्यूहरचना विस्कटत होत्या. गोळी खरोखर उडून लागते की नुसता पासा टाकला जातो, यावर भांडणं झाली. ताफा मोठा असेल तर पहिल्या गेममध्येही शत्रूचे लोंढे येतात, ही ओरड होतीच. २०१६ च्या मोठ्या पॅचमध्ये व्यूह आणि गोळ्यांची गणितं बरीचशी पूर्ववत केली गेली. संहितेचा एक शब्द न बदलता कथा बदलली होती आणि पॅचने ती बरीच परत आणली.

आता त्या गेमबद्दल, ज्याला या मालिकेत धड घर मिळालं नाही. ‘होमवर्ल्ड: कॅटॅक्लिझम’ सप्टेंबर २००० मध्ये आला. बनवला रेलिकने नाही, व्हँकूव्हरच्याच बार्किंग डॉग स्टुडिओजने. कथा मायभूमीवर परतल्यानंतर पंधरा वर्षांनी सुरू होते. नायक म्हणजे सोमताव नावाचं किरकोळ कूळ, आणि त्यांचं ‘कून-लान’ हे खाणकाम करणारं जहाज. मोठ्या कुळांनी सुपीक जमिनी वाटून घेतल्या, यांच्या वाट्याला आले दगड फोडायचे. ही सुरुवातच मला मालिकेतली सर्वांत प्रौढ सुरुवात वाटते. स्वातंत्र्य मिळालं, पुढे कुणाला काय मिळालं?

या कुळाच्या हाती अवकाशात तरंगणारी एक पुरातन वस्तू लागते आणि ती ते जहाजावर आणतात. तिच्यात एक जैविक संसर्ग असतो, बीस्ट. तो माणसांना आणि यंत्रांना एकत्र वितळवून आपलंसं करतो. कून-लानच्या खालच्या भागात संसर्ग पसरतो आणि तो पूर्ण भाग, आतल्या माणसांसह, कापून अवकाशात सोडून द्यावा लागतो. पुढे तोच कापलेला तुकडा शत्रूचं मुख्य जहाज बनून समोर उभा राहतो. लढाईत बीस्टचा संसर्ग-किरण तुमच्या जहाजावर पडला की काही क्षणांत ते जहाज वळतं आणि तुमच्यावरच गोळीबार सुरू करतं.

आता हाच अवघडपणाचा हिशेब पाहा. मोठा ताफा आंधळेपणाने पुढे घातलात तर शत्रू मोठा होतो, हे इथेही खरंच आहे. पण तो मोठा होतो कारण तो तुमचीच जहाजं गिळतो आणि तुमच्या डोळ्यांदेखत गिळतो. प्रत्येक शत्रूजहाजाला पत्ता आहे: हे मघाशी माझं होतं. ‘होमवर्ल्ड २’ने जे पडद्यामागे आकडेमोड करून केलं, ते कॅटॅक्लिझमने तीन वर्षं आधी कथेच्या आत, कारण दाखवून केलं होतं. दोन्हीकडे शत्रू तुमच्या मापाचा. एकीकडे फसवणूक वाटते, दुसरीकडे भीती. आणि बीस्टपुढे कुणीही आपली जहाजं सहज मोडीत काढत नाही, कारण इथे जहाज जपून वापरणं, दूर ठेवणं, वेळेवर मागे घेणं याला अर्थ आहे.

मालिकेने या गेमचं काय केलं? ‘होमवर्ल्ड २’च्या कथेत बीस्टचा मागमूस नाही. कॅटॅक्लिझममध्ये बेंटुसी हे आकाशगंगेतले आदरणीय व्यापारी संसर्गाच्या भीतीने पळ काढायला निघतात, त्यांना अडवावं लागतं, खडसावावं लागतं. दुसऱ्या भागात ते पुन्हा उदात्त होऊन बलिदान करतात, मधली भीती कुणाला आठवत नाही. रीमास्टर्ड संचातून हा गेम वगळला गेला, कारण सोर्स कोडच सापडला नाही. २०१७ मध्ये जुना गेम विक्रीला पुन्हा आला तो ‘होमवर्ल्ड: इमर्जन्स’ या नावाने, कारण ‘कॅटॅक्लिझम’ हे नाव ब्लिझर्डच्या ट्रेडमार्कमध्ये अडकलं होतं. बाहेरच्या स्टुडिओने केलेला, कोड हरवलेला, नावही गमावलेला. अधिकृत वंशावळीत त्याचं स्थान काठावरचं आहे. पण मागच्या मिशनचं ओझं पुढच्या मिशनमध्ये कसं आणायचं, या बाबतीत पहिल्या गेमचा खरा वारस तोच आहे. वंशावळ मांडणारे नावं जुळवत राहिले आणि हे सगळ्यांच्या नजरेतून निसटलं.

यावर एक आक्षेप येतो आणि तो वजनदार आहे. भूतकाळाला किंमत, भूतकाळाला किंमत असं म्हणताना प्रत्यक्ष खेळणारा काय करतो? सेव्ह करतो. एक फ्रिगेट गेलं की मागचा सेव्ह लोड करतो. ‘ब्रिज ऑफ सायज’मधली ती फ्रिगेटं पहिल्याच प्रयत्नात किती जणांना मिळाली असतील? ताफ्याची ती गौरवशाली परंपरा म्हणजे खोडून-खोडून सुवाच्य केलेली वही. शिवाय ज्याला नोकरीवरून आल्यावर रोज तासभर मिळतो, त्याने चौथ्या मिशनमधल्या चुकीसाठी अख्खा गेम पुन्हा का खेळावा? शत्रू मापून देणारी पद्धत निदान अशा माणसाला शेवटपर्यंत पोचवते.

माणसाला शेवटपर्यंत पोचवायला हवं, यात वाद नाही. पण त्यासाठी खचलेल्याला हात देणं पुरतं, बळकट झालेल्याला मारण्याची गरज नाही. मापन एकाच दिशेने करता येतं. ताफा फारच रोडावला असेल तर एखादं सोडून दिलेलं जहाज वाटेत सापडावं, बेंटुसींनी उधारी द्यावी, कुणी बंडखोर कप्तान येऊन मिळावा. पहिल्या गेमच्या कथेत शत्रूच्या, म्हणजे तायदानी साम्राज्याविरुद्ध उठलेला कप्तान एल्सन आहेच. अशी मदत कथेतूनच येऊ शकते. ज्याने चाळीस जहाजं राखली त्याला मात्र शेवटची मिशनं सोपी जाऊ द्या. त्याने ती सोपी करून घेतली आहेत. आणि सेव्ह-लोडबद्दल म्हणाल तर, खोडलेल्या वहीतही शेवटची बेरीज जुळावी लागते. माणूस लोड करतो तेच मुळी जहाज महत्त्वाचं वाटतं म्हणून. दुसऱ्या भागात तो मोडीत काढतो, लोड करायची तसदी कुणासाठी घेणार?

२०१६ च्या जानेवारीत आलेला ‘डेझर्ट्स ऑफ खराक’ हा पूर्वकथेचा गेम. रेलिकमधून बाहेर पडलेल्या रॉब कनिंगहॅम वगैरे मंडळींच्या ब्लॅकबर्ड इंटरअ‍ॅक्टिव्हने तो वेगळ्याच नावाने सुरू केला होता, होमवर्ल्डशी नातं नंतर जोडलं गेलं. अवकाश नाही, वाळू आहे, मदरशिपच्या जागी जमिनीवरून चालणारी प्रचंड ‘कपिसी’ आहे. ताफा इथेही सोबत येतो आणि अनुभवी तुकड्या जास्त कणखर होतात. पण मला त्यातली सगळ्यात धाडसी गोष्ट वाटते शत्रूची बाजू. गालसिएन हे धर्मवेडं कूळ ठासून सांगतं की आकाशाकडे जाल तर देवाचा कोप होईल. नायिका रेचल स’जेट त्यांना हरवते, हायपरस्पेस यंत्रापर्यंत पोचते. आणि ज्याने १९९९ चं तिसरं मिशन खेळलं आहे त्याला माहीत असतं की गालसिएन बरोबर होते. कोप झाला. तो देवाचा नव्हता, तहाचा होता, एवढाच फरक. इथे सातत्य म्हणजे नुसती नावं जुळवणं नाही. १९९९ मध्ये आपण जे अश्रू ढाळले त्याची जबाबदारी थोडी आपल्या अंगावर टाकणं आहे. प्रत्येक विजय पुढच्या राखेकडे नेणारा आहे, हे जाणून तरी जिंकत जायचं, हा अवघडपणा कुठल्याही सेटिंगमध्ये सापडायचा नाही.

त्याच स्टुडिओने मे २०२४ मध्ये ‘होमवर्ल्ड ३’ आणला तेव्हा अपेक्षा आभाळाला टेकल्या होत्या. २०१९ मध्ये चाहत्यांनी लोकवर्गणीतून पैसेही घातले होते. करन गायब झाली आहे, इमोजेन स’जेट तिच्या शोधात निघते, समोर इनकार्नेटची राणी. दिसायला गेम देखणा, प्रचंड अवशेषांच्या आडून लढण्याची कल्पना चांगली. ताफाही मिशनमागून मिशन सोबत येतो. तरी कथेवर सडकून टीका झाली, आणि ती बहुतेक पात्रांच्या लिखाणावर, राणीच्या संवादांवर होती. माझ्या मते गोची वेगळीच आहे. पहिल्या गेममध्ये चेहरे जवळजवळ नव्हतेच. होता तो फ्लीट इंटेलिजन्सचा कोरडा आवाज, जो ताफ्याबद्दल बोलायचा: काय सापडलं, काय गेलं, कुठे निघालो. कथा आणि खेळ एकाच मापात होते. तिसऱ्या भागात कथा इमोजेनच्या डोक्यात चालते आणि लढाई बाहेर. ती राणीशी मनातल्या मनात वाद घालत असताना माझी वीस फ्रिगेटं जळाली की दोन, याने तिच्या एकाही वाक्यात फरक पडत नाही. ताफा सोबत येतो, पण कथेला त्याची खबर नसते. स्टारक्राफ्टच्या दोन खिडक्या परत आल्या, तेही भिंत पाडण्याचा खर्च पुन्हा एकदा करून.

पहिल्या गेमच्या शेवटी करन हट्ट धरते की मायभूमीवर सगळे उतरल्यावरच आपण पाय ठेवणार. पंचवीस वर्षांत तिला पुन्हा जहाजाला जोडलं गेलं, देवत्व दिलं गेलं, मग हरवलं गेलं. पुढचा भाग निघालाच तर तिचं काय झालं याचं आणखी एक स्पष्टीकरण मला नको आहे. तिसऱ्या मिशनमध्ये मी ज्या फ्रिगेटला वाचवू शकलो नाही, त्याची नोंद सातव्या मिशनच्या ब्रीफिंगमध्ये कुणीतरी एका वाक्यात घेतली आणि त्या वाक्याने सातवं मिशन थोडं अवघड झालं, तर मी पहिल्या दिवशी पूर्ण किमतीला विकत घेईन.